अट क्रमांक सात

परवान्याच्या पाठीमागे बारीक टायपात अकरा अटी.
चौथी : शाळेपासून शंभर मीटर.
म्हणून भर मे महिन्यात सावद्याला
आम्ही टेप धरून उभे. मी शाळेच्या फाटकाशी,
शिपाई दगडू सपकाळे
श्री मनुदेवी व्हिडिओ गेम्सच्या पायरीकडे निघालेला.
टेप तीस मीटरचाच. तिसऱ्यांदा टेकवला
तेव्हा सावलीतून वासुदेव फिरके म्हणाला,
"सायेब, पोरगं काय पाखरू हाये का,
सरळ उडत याले? रस्त्यानं मोजा ना भो."
सरळ रेषेत ब्याऐंशी भरले,
रस्त्याने एकशे बारा.
कुठली रेषा धरायची ते नियमात नव्हतं.
मी दोन्ही आकडे लिहिले आणि आत गेलो.

आत कूलरचा ओला वाळा, सहा यंत्रं.
पाच निरुपद्रवी : मोटार, विमान, हाणामारी.
सहावं पडद्यामागे.
त्याच्यावर तीन चाकं, आणि चाकांवर
घंटा, लाल सात, आणि चेरी.
चेरी!
स्टेशनात केळीच्या वॅगनी भरणाऱ्या या गावात
ते फळ कुणी चाखलेलं नव्हतं,
पण दोन चेरींवर किती आणि तीनवर किती
हे सगळ्यांना पाठ.

सातवी अट : खेळ कौशल्याचा असावा,
नशिबाचा नसावा.
कसं ठरवायचं?
अधिकाऱ्याने स्वतः खेळून.
दहा नाणी, सरकारी खर्चाने, पावती घेऊन.

सुभान तडवी बाजूलाच उभा होता,
सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
पिढ्यान्‌पिढ्या धुतले तरी न जाणारे.
दोन वर्षं याच यंत्रापुढे काढलेली.
"कौशल्यच हाये, सायेब," तो म्हणाला,
"तिसरं चाक जरा दमलं का मंग दाबा.
मले समजते त्याचा आवाज."
फिरकेने जोरात मान हलवली.
बऱ्हाणपूरहून महिन्याला एक मिस्त्री येतो
आणि मागची किल्ली फिरवून जातो,
हे तो बोलला नाही. मलाही ते पुढे कळलं.

पहिली चार नाणी गिळली गेली.
पाचव्याला एक चेरी, दोन नाणी परत :
ती मी वेगळी ठेवली, सरकारजमा.
सहा, सात, आठ.
नवव्याला घंटा, घंटा,
आणि तिसरी घंटा काठावर येऊन
खाली निसटली.
दहावं टाकलं.
सात.
सात.
तिसरा सात अर्धा दिसला, थरथरला,
आणि मी त्याला मनातल्या मनात
हाताने वर ढकललं.

अकरावं नाणं माझ्या खिशातलं होतं.

बारावंही. पुढचे मोजले नाहीत.
चाक दमतंय का ते मी ऐकत होतो.
सपकाळे दोनदा खोकला.
पंच म्हणून बोलावलेला चहावाला
कागद हातात घेऊन उभा,
बाहेर त्याचं दूध उतू जात असावं.

पंचनामा माझ्याच अक्षरात आहे :
"समक्ष दहा नाणी टाकून पाहिली.
यंत्र नशिबाचे आढळले. सीलबंद केले."
दहा.
खाली दोन पंचांच्या सह्या, फिरकेची सही,
आणि तारीख, जी खरी आहे.

सपकाळेने मेणबत्तीवर लाख धरली.
नाणं टाकायच्या फटीवर
पहिला लाल थेंब पडला, पसरला.
सुभान माझ्या खांद्याशी आला,
कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलला,
"आता देनारच व्हतं ते."

पितळी शिक्का माझ्या हातात.
लाख घट्ट व्हायच्या आत उमटवायचा असतो.
मी थोडा उशीर केला.
मलाही तसंच वाटत होतं.